मराठी आडनाव नेमके कोणी ठेवले?

१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव या क्रमाने नोंदवावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतला. त्यावरची चर्चा साहजिकच आईच्या नावाभोवती फिरली आणि चौथा रकाना गृहीतच धरला गेला. आडनाव पिढ्यान्‌पिढ्या न बदलता चालत आलेले असते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या नावापुढे एक ठरावीक आडनाव असलेच पाहिजे हा दंडक बराच अलीकडचा आहे आणि पुष्कळ घराण्यांना त्यांचे आडनाव परगावच्या लोकांनी, दरबारातल्या कामाने किंवा एखाद्या हजेरीपटाने दिलेले आहे.

जुन्या कागदांत माणसाची ओळख त्याचे नाव आणि बापाचे नाव एवढ्यावर भागत असे. शिवाजी महाराजांची राजमुद्रा 'शाहसूनोः शिवस्यैषा' म्हणजे शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा, असे सांगते. त्यात 'भोसले' हा शब्द नाही. संभाजी महाराजांच्या मुद्रेतही 'शिवजातस्य' एवढीच ओळख आहे. थोरल्या बाजीरावाच्या शिक्क्यात 'बाजीराव बल्लाळ' असे येते. बल्लाळ म्हणजे बाळाजी, त्याचे वडील. घराण्याचे मूळ आडनाव भट, पण ते शिक्क्यावर यावे अशी कोणाला गरज भासली नाही. आणखी दीड हजार वर्षे मागे गेले, तर नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी भेटतात. तिथे राजाच्या नावाआधी आईची ओळख आहे, तीही तिच्या गोत्राच्या नावाने. आईच्या नावाचा रकाना ही या मातीत अगदीच नवी गोष्ट नाही, असे म्हणायला त्यामुळे जागा आहे.

'कर' लागलेली आडनावे सर्वांत ओळखीची. पर्राचे पर्रीकर, नीरेकाठच्या होळ गावचे होळकर, मंगेशीचे मंगेशकर अशी ही रीत सोपी दिसते, पण तिच्यातली एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पेणमध्ये राहणाऱ्याला पेणकर म्हणून कोणी हाक मारत नाही, कारण तिथे सगळेच पेणचे. गावात माणूस कुळावरून, वाडीवरून, आळीवरून किंवा धंद्यावरून ओळखला जातो. तो गाव सोडून दुसरीकडे स्थायिक झाला की नव्या ठिकाणचे लोक त्याला त्याच्या गावावरून ओळखू लागतात. कर लावलेले आडनाव म्हणजे घराण्याने केव्हातरी केलेल्या स्थलांतराची नोंद असते आणि ती नोंद बहुधा शेजाऱ्यांनी केलेली असते. ही रीत धर्मही पाहत नाही. कोकणातल्या मुसलमान कुटुंबांत ती आहे, आणि रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल ज्यूंमध्ये तर ती इतकी रुजली की पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर ही नावे घेऊन ही मंडळी मुंबईत आली आणि पुढे इस्राएलला गेली. किहीमचा समुद्र कधीही न पाहिलेली किहीमकर मुले आज तिकडे वाढत असतील.

दक्षिणेत मात्र हेच गाव निराळ्या वाटेने नावात शिरले. तंजावरकडच्या मराठी कुटुंबांनी स्थानिक पद्धत उचलली आणि गावाचे आद्याक्षर नावाच्या आधी लावले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. त्यांच्या नावातला 'टी' म्हणजे तंजावर. मूळ आडनाव मागे पडले आणि 'राव' ही आदराची जोडच बाहेरच्यांना आडनाव वाटू लागली.

आडनावांचा दुसरा मोठा साठा दरबारातून आला आणि इथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी पदांची फारसी नावे बदलून संस्कृत नावे रूढ केली आणि त्यासाठी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकेनविसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि पेशव्याचा पंतप्रधान. तरीही साडेतीनशे वर्षांनंतर मुजुमदार, डबीर ही आडनावे घरोघरच्या पाट्यांवर आहेत आणि बाळाजी विश्वनाथाचे वंशज तर 'भट' विसरून पेशवेच झाले. राजाज्ञेने पदनाम बदलता आले, लोकांच्या तोंडची ओळख बदलता आली नाही.

या आडनावांतला 'नीस' थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या म्हणजे पत्रव्यवहार लिहिणारा तो चिटणीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस, आणि 'फर्द' म्हणजे हिशेबाचा कागद लिहिणारा तो फडणवीस. नाना फडणवीस हे मूळचे बाळाजी जनार्दन भानू. त्यांच्या हातात आलेल्या कामाने भानू हे आडनाव पार झाकून टाकले. मराठी कानाला मात्र फडणिसातला 'फड' आपला कचेरीचा फडच वाटतो, आणि परका शब्द घरचा होतो तो बहुतेक वेळा असाच.

वतनाची नावे याच्याही खालच्या थरातली. गावाचा पाटील आणि कुलकर्णी, परगण्याचा देशमुख आणि देशपांडे. ही कामांची नावे असल्यामुळे ती एका जातीपुरती कधीच नव्हती. पाटील मराठा आहेत, तसे आगरी, कोळी, जैन आणि लिंगायतही आहेत, आणि त्यातल्या पुष्कळांच्या घरी 'मूळचे आम्ही अमुक' असे दुसरे आडनाव अजून सांगितले जाते. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द झाली, पुढच्या दशकाच्या सुरुवातीला महसुली पाटिलकीही गेली. आडनावे मात्र कायम राहिली.

उरलेल्या आडनावांबद्दल जरा सावधपणे बोलावे लागते. एकबोटे, सातपुते, अष्टपुत्रे, डोईफोडे, वाघ, कोल्हे यांच्यामागे कोणीतरी ठेवलेले टोपणनाव असावे हे उघड आहे, पण ते कोणाला आणि का पडले याच्या ज्या कथा घराण्यांत सांगतात, त्यातल्या बऱ्याच शब्दावरून मागाहून रचलेल्या असतात. मोरे म्हणजे मौर्य आणि जाधव म्हणजे यादव ही जुळणी ध्वनीच्या अंगाने पटते. तेवढ्यावरून थेट सम्राटापर्यंत वंशवेल नेणे ही वेगळी गोष्ट झाली.

हे सगळे प्रवाही होते तोवर एकाच घरात दोन भावांची आडनावे वेगळी असण्यात अडचण नव्हती. इंग्रजी अमदानीत शाळा, पलटण, न्यायालय आणि नोकरी यांच्या नोंदवह्यांनी ते थांबवले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव दाखल झाले. घराण्याचे आडनाव सकपाळ आणि गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. आंबडवेकरचे आंबेडकर होण्यामागे त्याच आडनावाच्या एका शिक्षकाची माया होती, असे चरित्रांत सांगितले जाते. एका ओळीची ती नोंद. पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांचे नाव म्हणून तीच जगभर पोचली.

पहिल्या नावाची गोष्ट याहून वेगळी, कारण ते घरचेच कोणीतरी ठेवते आणि त्यात घरची भीती आणि नवस दोन्ही उतरतात. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलून झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. मुले जगत नसली की पुढच्याला धोंडू, दगडू, भिकाजी असे नाव देत, म्हणजे मृत्यूला ते टाकाऊ वाटावे आणि त्याची नजर पडू नये. 'नकुशी' हे नाव मात्र या ओळीत बसवू नये. तिथे मृत्यूला चकवण्याचा हेतू नाही, मुलगी नको हे सरळच सांगितलेले आहे. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एका समारंभात २८५ मुलींनी हे नाव टाकून नवे घेतले.

मुलीचे नाव दुसऱ्यांदा ठेवले जाते ते लग्नात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचे नवे नाव लिहायचे. ते वाचून दाखवले की साखर वाटायची, आणि ताट हलले की अक्षरे पुसली जायची. रमाबाई रानडे आणि आनंदीबाई जोशी या दोघी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात तीन वर्षांच्या अंतराने जन्मल्या आणि माहेरी दोघींचेही नाव यमुना होते. दोन्ही यमुना त्या तांदळात संपल्या. आता नाव बदलण्याची रीत शहरांतून बरीच मागे पडली आहे. पण २०२४ च्या निर्णयातही विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव हा प्रचलित क्रम तसाच ठेवलेला आहे. आईच्या नावाचा नवा रकाना तिच्या मुलांसाठी आहे.