वाहन चालवताना लक्षभंग

वाहन चालवणाऱ्याचे डोळे, हात किंवा मन रस्त्यावरून काढून घेणाऱ्या गोष्टीमुळे जे घडते, त्याला लक्षभंग म्हणतात. मोबाईल हे आज त्याचे सर्वांत ठळक कारण आहे. पण दातांनी फाडलेली पुडी, मागच्या सीटवर भांडणारी मुले आणि पुलावरून दिसणारी मगर ही कारणेही त्याच कुळातली. झोप, थकवा आणि दारू यांचे परिणाम पुष्कळदा असेच दिसतात, तरी त्या शरीराच्या अवस्था असल्याने वेगळ्या धरतात. या नोंदीतील रस्ते व उदाहरणे बडोदे (वडोदरा) शहरातील आहेत.

लक्ष तीन वाटांनी फुटते. डोळे दुसरीकडे जातात, हात दुसऱ्या कामाला लागतो, किंवा डोळे रस्त्यावर आणि हात हँडलवर असूनही मन तिथे नसते. मेसेज लिहिताना तिन्ही एकदम घडतात, म्हणून तो सर्वांत वाईट. ब्लूटूथ किंवा इअरफोन लावल्याने यातला फक्त हात मोकळा होतो. ‘हातात फोन नाही, मग काय हरकत?’ हा प्रश्न ज्या समजुतीतून येतो तिची चूक इथेच आहे.

सेकंद आणि मीटर

ताशी 30 कि.मी. वेगाने वाहन सेकंदाला 8.3 मीटर जाते, 40 च्या वेगाने 11.1 आणि 60 च्या वेगाने 16.7 मीटर. रावपुऱ्यातून 30 च्या वेगाने जाताना स्क्रीनकडे दोन सेकंद पाहिले, तर शहरबसच्या लांबीपेक्षा जास्त अंतर न पाहता कापले जाते. तेवढ्या अंतरात कोणी दुकानाच्या पायरीवरून रस्त्यावर उतरते, उभ्या गाडीचे दार उघडते, गाय वळते. यानंतर धोका ओळखून पाय किंवा बोटे ब्रेकवर जायला साधारण दीड सेकंद लागतो आणि त्यानंतर ब्रेकचे अंतर सुरू होते. कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरांसह, मोटारीला हे अंतर 40 च्या वेगाला सुमारे 9 मीटर, 60 ला सुमारे 20 आणि 80 ला सुमारे 36 मीटर असते. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. न पाहता गेलेले अंतर मात्र वेगाच्या प्रमाणातच वाढते. त्यामुळे गर्दीच्या रस्त्यावर, कमी वेगात, घात करतात ती बहुधा न पाहिलेली मीटर, ब्रेकची नव्हेत. ‘हळूच चालवत होतो’ हे खरे असूनही धडक बसते ती अशी.

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक संस्थेने शंभर मोटारींत कॅमेरे बसवून केलेल्या पाहणीचा अहवाल 2006 मध्ये आला. नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त रस्त्याबाहेर राहिली, की अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका किमान दुप्पट होतो, असे त्यात आढळले. पुढे 2013 मध्ये तेथील वाहतूक सुरक्षा खात्याने मोटारीतील पडद्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत एका नजरेला दोन सेकंद आणि पूर्ण कामाला एकूण बारा सेकंद अशी मर्यादा आहे. नकाशाच्या ॲपमध्ये चालत्या गाडीत पत्ता लिहिणे या मर्यादेत बसत नाही, आणि गुजरातीत लिहिलेला पत्ता इंग्रजी कीबोर्डवर शोधायचा असेल तर मुळीच नाही.

चाळिशीनंतर आणखी एक अडचण येते. डोळ्यातील भिंग ताठर होत गेल्याने जवळच्या पडद्यावरून दूरच्या रस्त्यावर नजर जुळायला वेळ लागतो. दूरचा चष्मा लावणारे तर फोन वाचायला चष्म्याखालून पाहतात, म्हणजे नजर आणखी खाली जाते. रात्री उजळ पडद्याकडे पाहून डोळे वर केले की पुढचे काही सेकंद अंधारातला माणूस, विशेषतः गडद कपड्यातला, दिसतच नाही.

बोलणे

फोनवरच्या बोलण्याचा धोका हातांत नसून संभाषणात आहे, हे 1997 पासून माहीत आहे. टोरंटो विद्यापीठातील रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी अपघात झालेल्या 699 मोबाईलधारक चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होता आणि हात मोकळे ठेवणाऱ्या उपकरणांनी तो कमी झालेला दिसला नाही. युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये, चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर, फोनवर बोलणाऱ्यांची तुलना रक्तात 0.08 टक्के अल्कोहोल असलेल्यांशी केली. चालवण्यातला बिघाड दोन्ही गटांत तोडीचा होता. भारतातील कायदेशीर मर्यादा 100 मि.लि. रक्तात 30 मि.ग्रॅ., म्हणजे 0.03 टक्के आहे. गुजरातेत दारूबंदी असल्याने ही तुलना इथे कोणी आपल्याला लावून घेत नाही, एवढेच.

कारण असे, की डोळ्यांपुढे आलेली प्रत्येक गोष्ट मन टिपत नाही. बोलण्यात गुंतलेल्याची नजर समोर एका अरुंद पट्ट्यात खिळते आणि आरशाकडे कमी जाते. सिग्नल दिसतो पण उमगत नाही. याच्या खुणा मागच्या वाहनाला सहज कळतात. वेग नकळत उतरतो, गाडी लेनमध्ये डावी-उजवी हेलकावते, हिरवा दिवा लागूनही ती हलत नाही. गेंडा सर्कलपासून मनीषा सर्कलपर्यंतच्या साडेतीन कि.मी. लांब उड्डाणपुलावर अडथळा नसताना कोणी उजव्या लेनमधून 25 च्या वेगाने जात असेल, तर बहुतेक वेळा कान तपासायला हरकत नाही.

शेजारी बसलेल्याशी बोलणे इतके घातक का नाही? तो रस्ता पाहत असतो. चोकडी (चौक) जवळ आली, ट्रक घुसला, की तो आपोआप गप्प होतो, कधी स्वतःच ‘सांभाळ’ म्हणतो. फोनवरचा माणूस सोफ्यावर बसलेला असतो. त्याला उत्तर हवे असते आणि शांतता त्याला खटकते.

फोन बंद केल्यावरही लक्ष लगेच परतत नाही. अमेरिकेतील एएए या मोटारचालकांच्या संघटनेने 2015 मध्ये आवाजी आज्ञांवर चालणाऱ्या यंत्रणा तपासल्या, तेव्हा काहींच्या बाबतीत हा परिणाम 27 सेकंदांपर्यंत टिकला. ताशी 40 च्या वेगाने तेवढ्यात 300 मीटर जातात. म्हणून लाल दिव्याला मेसेज पाहून हिरव्याला निघणे हेही निरुपद्रवी नाही: चौक ओलांडेपर्यंत मन त्या मेसेजातच असते, आणि चौकाइतकी लक्षाची गरज दुसरीकडे कुठे नसते.

दुचाकी

बडोद्यात लक्षभंगाचा विचार मुख्यतः स्कूटर व मोटारसायकल डोळ्यांपुढे ठेवून करावा लागतो, आणि दुचाकीवर तो मोटारीपेक्षा अधिक यांत्रिक आहे. उजव्या हातात ॲक्सिलरेटर असल्याने फोन डाव्या हातात जातो. स्कूटरचा डावा ब्रेक हा मागच्या चाकाचा. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, तेव्हापासून एकत्रित ब्रेकच्या स्कूटरवर डावा दांडा दोन्ही चाके धरतो. म्हणजे फोन धरलेला हात नेमका तोच ब्रेक सोडतो, जो गाडी सरळ ठेवून थांबवतो. उरतो उजव्या हाताचा पुढचा ब्रेक. तो एकाच हाताने दाबला की शरीराचे वजन पुढे येऊन एकाच मनगटावर पडते, हँडल फिरते, आणि खाली वाळू किंवा खोदकामाची माती असली तर पुढचे चाक घसरते. मोटारसायकलवर डावा हात गेला की क्लच जातो. वेग उतरला की इंजिन गचके खाते किंवा बंद पडते, तेही चोकडीच्या मध्यावर.

फोन खांद्यात दाबून, मान वाकडी करून चालवण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात मान एका बाजूला अडकते, दुसऱ्या बाजूच्या आरशाकडे पाहता येत नाही, आणि खांदा ताठ राहिल्याने हँडलच्या बारीक दुरुस्त्या थांबतात. फोन हेल्मेटात खुपसण्यात वेगळा दोष आहे: गालाची गादी सरकते, पट्टा सैल सोडावा लागतो, आणि पडल्यास फोनची कडा कानाजवळच्या हाडावर येते. ओढणीत किंवा स्कार्फमध्ये बांधलेला फोन घसरला, की हात प्रतिक्षिप्तपणे त्याच्याकडे जातो. पडणाऱ्या फोनला पडू द्यावे, हे सांगणे सोपे. हात ऐकत नाही.

दोन्ही कानांत इअरफोन असले तर हॉर्न ऐकू येतो पण कोणत्या बाजूचा ते कळत नाही. आवाजाची दिशा मेंदू दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून काढतो, आणि मांडवीच्या चार दरवाज्यांत, म्हणजे जुन्या शहरात, जिथे सगळे हॉर्नवर चालते, तिथे हा तोटा मोठा आहे.

रिक्षावाले आणि घरपोच सेवा देणारी मुले यांचा प्रश्न सवयीपेक्षा कामाच्या रचनेचा आहे. नवी फेरी किंवा ऑर्डर पडद्यावर येते आणि काही सेकंदांत स्वीकारावी लागते, नाहीतर ती दुसऱ्याकडे जाते. अशा चालकाला ‘फोन पाहू नको’ म्हणणे पोकळ आहे. हँडलवरच्या धारकात फोन असल्याने निदान हात तरी मोकळे राहतात. मात्र पावसात थेंब पडद्याला बोटासारखे दाबतात, आणि मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांमुळे फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलने 2021 मध्ये दिलेला आहे.

इतर कारणे

विश्वामित्री नदीत मगरी आहेत. हिवाळ्यात त्या काठावर उन्हाला पडतात, पावसाळ्यात पाणी चढले की पुलावर पाहणाऱ्यांची रांग लागते. चालता चालता कठड्याकडे वळलेली मान आणि अचानक थांबलेला पुढचा स्कूटरवाला हे तिथले नेहमीचे जोडकारण. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, नजर आकाशाकडे जाते, आणि मांजा दिसताच हात गळ्याकडे. दुचाकीला पुढे सळईची कमान लावली असली तर हात हँडलवरच राहू शकतो. माव्याचे वेगळे: तो चोळायला दोन्ही हात लागतात आणि थुंकायला मान बाहेर काढावी लागते, तीही बहुधा आरशात न पाहता.

मोटारीत गाणे बदलणे, एसी कमी करणे ही कामे पूर्वी बोटांनी चाचपून होत. गुळगुळीत पडद्यावर बटण हाताला लागत नाही, पाहावेच लागते. युरोपातील युरो एनकॅप या चाचणी संस्थेने 2026 पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या कामांना खरी बटणे असण्याला गुण ठेवले आहेत.

कायदा आणि नोंद

मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या संपर्क साधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे घातला गेला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. गुजरात सरकारने सप्टेंबर 2019 मध्ये जागेवर वसूल करायच्या रकमा कमी केल्या. मोबाईलसाठी त्या पहिल्यांदा 500 आणि दुसऱ्यांदा 1,000 रुपये ठरल्या. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार फोन फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो. रस्ते सुरक्षेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने 2015 मध्ये मोबाईलवर बोलणाऱ्यांचा परवाना किमान तीन महिने निलंबित करण्यास राज्यांना सांगितले होते. दंडापेक्षा या निलंबनाची भीती जास्त असायला हवी, पण चौकात वाद होतो तो पाचशे रुपयांवर.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2021 च्या आकडेवारीत देशभरातील 4,12,432 अपघातांपैकी 1,997 मोबाईलच्या वापरामुळे झाल्याची नोंद आहे. त्यांत 1,040 मृत्यू झाले. अपघातांचा हा आकडा एकूण अपघातांच्या अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे आणि तो जसाच्या तसा घेऊ नये. दारू रक्तात सापडते, वेग खुणांवरून काढता येतो. फोन मात्र धडकेनंतर खिशात किंवा सीटखाली असतो आणि कोणी कबूल करत नाही. कॉलच्या नोंदींवरून वेळ जुळवता येतो, पण कोणी पडदा पाहत होते की नाही हे त्यातून सिद्ध होत नाही.

टाळण्याचे मार्ग

सगळी तयारी किल्ली फिरवण्याआधीची आहे. पत्ता टाकून आवाजी सूचना सुरू कराव्यात आणि एकदा पूर्ण मार्ग पाहून घ्यावा. फोनमधील ‘ड्रायव्हिंग’ स्थिती लावावी. आयफोनमध्ये ती 2017 पासून आहे, अनेक अँड्रॉइड फोनांतही मिळते. तीत सूचना दबतात आणि मेसेजला आपोआप उत्तर पाठवण्याची सोय करता येते. धारक मोटारीत एसीच्या झरोक्याजवळ, नजरेच्या रेषेच्या किंचित खाली बसवावा. काचेच्या मध्यभागी लावल्यास तो डावीकडून येणारी दुचाकी झाकतो, आणि एअरबॅगसमोर तर लावूच नये. दुचाकीवर फोन डिकीत ठेवणे सर्वांत खात्रीचे, कारण खिशातल्या थरथरीकडेही मन जाते.

फोन करणाऱ्याचाही यात वाटा आहे. ‘गाडीवर आहेस का?’ विचारून ‘हो’ ऐकल्यावर ‘बरं, एकच सांगते’ म्हणण्याची घराघरांतली रीत सोडून लगेच फोन ठेवावा.

घ्यावाच लागेल असा फोन असला, तर आधी आरसा, मग इंडिकेटर, मग डावीकडे. उड्डाणपुलावर, चोकडीच्या तोंडाशी किंवा वळणावर थांबू नये. उड्डाणपूल उतरल्यावर सर्व्हिस रोडला वळून गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी आणि मगच फोन काढावा. अहमदाबाद–बडोदे द्रुतगती मार्गावर कडेच्या पट्ट्यात उभे राहणे हाच मोठा धोका, कारण मागून ताशी 100 ने येणारा चालक पाच सेकंद पडद्याकडे पाहत असला तर तोवर 139 मीटर आलेला असतो. तिथे टोलनाका किंवा पुढचे विश्रांतिस्थान येईपर्यंत फोन वाजू द्यावा.