काचेच्या कौलाखालचा उजेड

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी पणजीचा एक फोटो आहे. त्यात तिच्या कपाळावरचं कुंकू काळंभोर दिसतं आणि इरकली लुगड्याचे लाल काठ कोळशासारखे. लहानपणी मला वाटायचं, तिनं बुक्काच लावलाय.

खरं कारण प्लेटमध्ये, म्हणजे फिल्मच्या आधी कॅमेऱ्यात घालायच्या काचेत होतं. जुन्या प्लेटांना निळा-जांभळा उजेड तेवढा कळायचा. लाल म्हणजे त्यांच्या लेखी अंधार. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो त्यामुळेच. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं प्लेटमध्ये रंगद्रव्य मिसळून तिला हिरव्या-पिवळ्याची ओळख करून दिली. लाल ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ च्या सुमारास विक्रीला आल्या, पण जुन्या धाटणीच्या त्यानंतरही बरीच वर्षं चालल्या. आपली सावळी कातडी निळा उजेड कमी परतवते, म्हणून चेहरेही होते त्याहून काळे उमटायचे. मग निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं रिटचिंग व्हायचं.

घरात फोटो काढायला शिकणाऱ्याला आजही सांगतात, माणसाला खिडकीशी बसव, मान थोडी वळव. या सांगण्याचं मूळ त्या मंद प्लेटांच्या काळात आहे. १८३९ मध्ये पॅरिसला दागेर या फ्रेंच माणसाचं फोटो काढण्याचं तंत्र जाहीर झालं आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातलं छावणीचं गाव. विजेचे दिवे नव्हते, प्लेटला कित्येक सेकंद उजेड लागायचा. म्हणून युरोपातल्या स्टुडिओंना उत्तरेकडं उतरतं काचेचं छत असे. तिकडं उत्तरेकडून थेट ऊन फारसं येत नाही. येतो तो आभाळाचा मऊ, एकसारखा उजेड. बेळगावात हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपला भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. ऊन आत येत असेल तर खिडकीवर पांढरं धोतर नाहीतर पातळ पडदा टाकावा. जूनमध्ये खानापूरकडून ढग भरून आले की सगळं आभाळच पडदा होतं. घरातल्या फोटोसाठी मला तेच दिवस सगळ्यात आवडतात.

जुन्या फोटोंतली बसण्याची ऐट म्हणजे खुर्चीच्या पाठीवर हात, शेजारी तिपाई, नजर ताठ. ती निव्वळ हौस नव्हती. माणूस हलला की चेहरा पुसट. म्हणून हाताला टेकू आणि डोक्यामागं लोखंडी चिमटा, जो फोटोत दिसू द्यायचा नाही. प्लेटा वेगवान झाल्या, चिमटा गेला. खुर्ची मात्र राहिली. हाताला काही काम दिलं की माणूस सैलावतो, हे आजही खरं आहे. चौकटीचे तीन भाग पाडायचा नियम वेगळीकडून आला. १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रजानं तो निसर्गचित्रांसाठी मांडला होता. चेहऱ्याला तो डोळे झाकून लावू नये. डोळे चौकटीच्या वरच्या एक-तृतीयांशाच्या रेषेशी आले की बहुतेक वेळा पुरतं.

चेहऱ्यावरच्या सावलीचं शास्त्र चित्रकारांकडचं. सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांटच्या चित्रांत उजेड बाजूनं, जरा वरून येतो आणि सावलीतल्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. बेळगावला हे परकं नाही. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी इथं पिढ्या घडवल्या. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी.

१८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आली, १९२९ च्या सुमारास फ्लॅशबल्ब, पुढं इलेक्ट्रॉनिक फ्लॅश. उजेड आता खिशात मावू लागला, पण तो लेन्सच्या शेजारून समोर आदळतो. नाक चपटं, मागच्या भिंतीवर काळी सावली. ओळखपत्रांच्या फोटोंनी तर सावली म्हणजे दोषच, असं मनावर ठसवलं. माझ्या मते घरगुती फोटोचं सर्वात मोठं नुकसान यातच झालं.

आजीचा पहिला फोटो मी सोप्यावर, ट्यूबलाइटखाली काढला होता. उजेड वरून पडला आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आले. तिनं तो पाहून नुसता बाजूला ठेवला, ते अजून लागतं.

नंतर लक्ष माजघराकडं गेलं. आमच्याकडं कौलांत एक काचेचं कौल असतं, चुलीपाशी दिसावं म्हणून बसवलेलं. तोही उजेड वरूनच येतो, म्हणून आजीला बरोबर खाली न बसवता दोन हात मागं सरकवलं आणि तोंड कौलाकडं करायला सांगितलं. ट्यूब बंद केली. मांडीवर परात आणि निवडायचे तांदूळ दिले. बहिणीनं धुतलेलं पांढरं धोतर सावलीच्या बाजूला धरलं, तसे डोळ्यांखालचे खड्डे भरले. "अगं, किती वेळ धरतीस?" म्हणत आजीनं तिच्याकडं पाहिलं, तेव्हा मी बटण दाबलं. कुंकू लालच आलं.