वसतिगृह, पेइंग गेस्ट की फ्लॅट? खोली ठरवण्याआधी हे वाचा

प्रवेश पक्का झाला की लगेच पुढचा प्रश्न येतो: राहायचं कुठे? आमच्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी आणि पालक आधी भाडं विचारतात. भाडं महत्त्वाचं आहेच, पण वर्षभरात जे वाद होतात ते भाड्यावरून क्वचितच होतात. ते होतात डिपॉझिटवरून, मध्येच खोली सोडण्यावरून आणि एक रूममेट निघून गेला की त्याचा हिस्सा कोणी भरायचा यावरून. म्हणून खोली बघताना ती सोडायची वेळ आली तर काय, हेही तेव्हाच विचारून घ्या.

विद्यापीठाच्या आवारात

पहिल्या वर्षी वसतिगृह मिळत असेल तर घ्या. आमचा धंदा बाहेरच्या खोल्या मिळवून देण्याचा, तरीही हे सांगतोय. वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा पायी अंतरावर असतात. वीज, पाणी, इंटरनेट बहुधा शुल्कातच धरलेलं असतं. रात्री ताप चढला तर हाक मारायला शेजारच्या खोलीत कोणीतरी असतं. आणि रूममेटशी पटलं नाही तर अर्ज करून खोली बदलून मागता येते. बाहेर त्याच कारणासाठी करार मोडावा लागतो.

अडचणी माहीत असू द्या. फाटक बंद व्हायची वेळ, पाहुण्यांना मनाई, खोलीत शेगडी चालणार नाही, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वरच्या मजल्यावर कोणाचा तरी वाढदिवस. एक प्रश्न मात्र हमखास राहून जातो: सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का? काही ठिकाणी सामानासकट बाहेर पडावं लागतं. ज्यांना दर सुट्टीत घरी जाणं परवडत नाही, त्यांच्यासाठी हा मुद्दा भाड्याइतकाच मोठा.

प्रतीक्षा यादीत नाव असेल तर इतक्यात आशा सोडू नका. सत्र सुरू झाल्यावर काही प्रवेश रद्द होतात, काही जण दुसरीकडे जातात, आणि जागा मोकळ्या होतात. तोवर महिन्या-महिन्याच्या बोलीवर मिळेल ती खोली घ्या, वर्षाचा करार करू नका. संशोधक आणि विवाहित विद्यार्थ्यांसाठी काही विद्यापीठांत वेगळी निवासस्थानं असतात. ती मोजकीच असतात, त्यामुळे अर्ज लवकर करा.

आवाराबाहेर

खाजगी हॉस्टेल म्हणजे व्यवस्था वसतिगृहासारखी, मालक खाजगी. सफाई, पहारा, फर्निचर तयार असतं आणि दर त्यानुसार चढे असतात. पेइंग गेस्ट म्हणून राहिलात तर घराचे नियम मालकाचे: पाहुणे, वेळा, स्वयंपाकघर, कपडे धुण्याचं यंत्र, सगळं आधी बोलून घ्या. संकोच वाटतो, पण नंतर रोज वाटण्यापेक्षा एकदाच वाटलेला बरा.

चौघांनी मिळून फ्लॅट घेतला की स्वातंत्र्य सर्वांत जास्त आणि जबाबदारीही. इथे करार कसा आहे ते बघा. प्रत्येकाचा स्वतंत्र करार असेल तर तुम्ही फक्त तुमच्या भाड्याला बांधील. एकत्र करार असेल तर बहुतेक वेळा पूर्ण भाड्याची जबाबदारी प्रत्येकावर येते. एकजण निघून गेला तर त्याचा हिस्सा मालक उरलेल्या तिघांकडे मागू शकतो. एकाच्याच नावावर करार आणि बाकीचे नुसते राहणारे, हा प्रकार तर सर्वांत धोक्याचा. ज्याची सही तो पैशांत अडकतो, आणि ज्यांची सही नाही त्यांना राहण्याचा हक्क कागदावर दाखवता येत नाही.

हिशोब वर्षाचा करा

समजा, वसतिगृहाचं महिन्याचं शुल्क बाहेरच्या भाड्यापेक्षा 10 टक्क्यांनी जास्त आहे. वरवर खोली स्वस्त वाटते. पण वसतिगृहाचे पैसे 10 महिन्यांचे आणि खोलीचे 12 महिन्यांचे असतील, तर वर्षाअखेरीस खोलीच महाग पडते. त्यात वीज, इंटरनेट, गादी-टेबल आणि दलाली अजून धरलेलीच नाही.

प्रवासाचंही तसंच. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, आठवड्याचे पाच दिवस. 16 आठवड्यांच्या सत्रात 120 तास रस्त्यात गेले. लांबची स्वस्त खोली घेऊच नका असं नाही, पण हे तास मोजून घ्या. रात्री प्रयोगशाळेतून परतायला वाहन असतं का, हे तिथे राहणाऱ्याला विचारा, मालकाला नको.

खोली बघायला जाल तेव्हा

शक्यतो दिवसा एकदा आणि रात्री एकदा जा. नळ सोडा, फ्लश ओढा, खिडकी उघडून पुन्हा लावा. कपाट भिंतीपासून जरा पुढे ओढून मागे बघा; ओल लपवायची तीच जागा. गादीच्या शिवणी उलटून पाहा, बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत असं समजा. खोलीच्या मधोमध उभं राहून फोन लावून बघा.

न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर त्याचा धूर पाइपातून बाहेर जातो का आणि हवा आत यायला जागा आहे का, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. या एका गोष्टीवर आम्ही चांगल्या खोल्याही नाकारल्या आहेत. तसंच आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता, आणि जाळीला कुलूप असेल तर किल्ली कुठे असते, तेही विचारा.

पैसे देण्याआधी

खोली आणि करार, दोन्ही बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. "मी परगावी आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल" असं म्हणणारा मालक बहुधा मालक नसतोच. पैसे मिळवायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. स्कॅन करून पिन टाकलात तर पैसे तुमचेच जातात.

करारात नोटीस पिरियड (सोडण्याआधी किती दिवस कळवायचं), लॉक-इन (किती काळ खोली सोडता येणार नाही), भाडेवाढ, दुरुस्तीचा खर्च कोणाचा आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, हे लिहिलेलं हवं. "ते आपण बघून घेऊ" हे तोंडी आश्वासन कागदावर येत नसेल तर ते नाही असंच धरा.

किल्ली मिळाल्या दिवशी, सामान आत नेण्याआधी, संपूर्ण खोलीचा व्हिडिओ काढा: भिंतीवरचे डाग, तुटलेली कडी, पंख्याचं वाकडं पातं आणि मीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा. सोडताना पुन्हा तसाच व्हिडिओ काढा. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायची वेळ आली की हे दोन व्हिडिओ फार कामाला येतात.

आम्ही काय करतो

खोल्या आधी स्वतः बघतो, मगच दाखवतो. करार तुमच्यासमोर वाचून कलमं समजावतो आणि खटकणारी कलमं मालकाशी बोलून बदलून घ्यायचा प्रयत्न करतो. आमचं शुल्क एकदाच, तेही करारावर सह्या झाल्यावर. नुसत्या खोल्या बघायचे पैसे घेत नाही. दुसरीकडून मिळालेला करार घेऊन आलात तरी वाचून देऊ. येताना प्रवेशपत्र, ओळखपत्राची प्रत आणि वेळापत्रक आणा. वेळापत्रक एवढ्यासाठी, की सकाळी आठचा तास असणाऱ्याला आम्ही लांबची खोली दाखवतच नाही.