बॅच फाइल, पाथ आणि जागा सोडलेली नावे

विंडोजवरची जुनी बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालवायच्या कमांडची साधी फाइल, नव्या संगणकावर चालेनाशी झाली की बोल बहुधा ती लिहिणाऱ्याला लावला जातो. तो पूर्णपणे न्याय्य नाही, कारण पाथच्या, म्हणजे फाइल किंवा फोल्डर डिस्कवर कुठे आहे त्या पत्त्याच्या, बहुतेक चुकांची मुळे कितीतरी आधीच्या निर्णयांत आहेत.

१९८१ साली आलेल्या एमएस-डॉस या विंडोजआधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते. डिस्कवरच्या सगळ्या फाइली एकाच यादीत असत आणि स्लॅश हे चिन्ह कमांडचे पर्याय सांगण्यासाठी वापरले जाई. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत युनिक्सच्या धर्तीवर फोल्डर आले, तेव्हा स्लॅश आधीच गुंतलेला असल्यामुळे पाथसाठी बॅकस्लॅश घ्यावा लागला. फाइलचे नाव आठ अक्षरांचे आणि एक्स्टेन्शन तीन अक्षरांचे असे. नावात स्पेस देण्याची रीत नव्हती, त्यामुळे स्पेस दिसली की शब्द तोडायचा, हा नियम कुणाला खुपला नाही.

विंडोज ९५ ने लांब नावे घरोघरी पोहोचवली आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरच्या नावातच स्पेस आली. तोडण्याचा नियम मात्र तसाच राहिला. ‘आरडी /एस /क्यू डी:\जमा खर्च’ ही फोल्डर पुसणारी ओळ अवतरणचिन्हांशिवाय लिहिली, तर कमांड ‘डी:\जमा’ आणि ‘खर्च’ अशी दोन नावे वाचते, आणि ‘जमा’ नावाचे वेगळे फोल्डर खरोखरच असेल तर ते काहीही न विचारता आतल्या सगळ्या फाइलींसह पुसून टाकते.

याहून खोल कारण असे की बॅच फाइलमध्ये टक्क्यांच्या चिन्हांत लिहिलेल्या व्हेरिएबलची (किंमत साठवणाऱ्या नावाची) किंमत आधी ओळीत जशीच्या तशी उतरवली जाते आणि मगच त्या ओळीचा अर्थ लावला जातो. त्यामुळे ६४ बिटच्या विंडोजमध्ये ‘प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)’ हे फोल्डर आले, तेव्हा ‘इफ’ या अट तपासणाऱ्या कमांडच्या कंसात अवतरणचिन्हांविना वापरलेल्या पाथमधला बंद कंस अख्खा ब्लॉकच मध्ये संपवू लागला.

विंडोज व्हिस्टापासून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेली बॅच फाइल स्वतःच्या फोल्डरऐवजी सिस्टीम३२ या विंडोजच्या फोल्डरमध्ये सुरू होऊ लागली आणि नुसत्या नावाने शोधलेल्या शेजारच्या फाइली सापडेनाशा झाल्या. त्यावरचा उपाय विंडोज २००० मध्येच उपलब्ध होता: टक्का, टिल्ड, डी, पी आणि शून्य ही पाच चिन्हे सलग लिहिली की बॅच फाइलच्या स्वतःच्या फोल्डरचा पाथ मिळतो. हा पाथ बॅकस्लॅशने संपतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. तो अवतरणचिन्हांत घालून रोबोकॉपीसारख्या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला दिला, तर शेवटचा बॅकस्लॅश आणि त्यालगतचे अवतरणचिन्ह मिळून नावाचाच भाग समजले जातात आणि पुढचा पाथही त्यातच ओढला जातो. म्हणून अनुभवी माणसे शून्यानंतर, अवतरणचिन्ह बंद करण्याआधी, एक टिंब देतात.