युरेनियमच्या वालुकाश्मातील सोबती धातू

केंद्र सरकारने २०२३ साली देशाला अत्यावश्यक अशा ३० खनिजांची यादी जाहीर केली. तिच्यात व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, सेलेनियम आणि ऱ्हेनियम ही नावे आहेत. व्हॅनेडियमने पोलाद चिवट होते, तर ऱ्हेनियम जेट इंजिनातील सर्वांत तप्त पात्यांच्या मिश्रधातूत लागते. उपयोग इतके वेगळे असूनही वालुकाश्मातील युरेनियमच्या साठ्यांत ही चौकडी पुन्हापुन्हा एकत्र आढळते. (सेलेनियम काटेकोरपणे धातू नव्हे, पण खनिजांच्या व्यवहारात ते धातूंच्याच पंगतीत बसते.)

वालुकाश्म सच्छिद्र असतो. उघड्या पडलेल्या थरात पावसाचे पाणी शिरते आणि हवेतील ऑक्सिजन सोबत घेऊन दीर्घकाळ उताराच्या दिशेने झिरपत राहते. अशा पाण्यात युरेनियमची संयुजा सहा असते आणि कार्बोनेटशी संयोग पावून ते सहज विरघळते. पुढे थरात गाडले गेलेले वनस्पतींचे अवशेष, पायराइट किंवा हायड्रोजन सल्फाइड भेटले की ऑक्सिजन संपतो, युरेनियमचे क्षपण होऊन, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून, संयुजा चारवर येते आणि जवळजवळ अविद्राव्य झालेले युरेनियम वाळूच्या कणांमध्ये साचते. मागून ताजे पाणी येतच असते. ते हा साठा मागच्या बाजूने विरघळवते आणि थोडे पुढे नेऊन पुन्हा साचवते. अशी ही सीमा पुढे सरकताना वाटेतले युरेनियम गोळा करत जाते. उभ्या छेदात ती चंद्रकोरीसारखी दिसते. अमेरिकेतील वायोमिंगमध्ये आणि कझाकस्तानातील चू-सारिसू खोऱ्यात असे साठे आहेत. कोरीच्या मागची वाळू तांबूस-पिवळी आणि पुढची करडी असल्याने, वेधनातून वर आलेल्या वाळूच्या रंगावरूनच सीमेचा अंदाज बांधता येतो.

या सीमेवर ऑक्सिडीकारक परिस्थिती एका रेषेवर संपत नाही, ती टप्प्याटप्प्याने क्षपणकारक होत जाते, आणि अविद्राव्य होण्यासाठी प्रत्येक मूलद्रव्याला क्षपणविभवाची (पाणी किती क्षपणकारक आहे याच्या मापाची) वेगळी पातळी लागते. ही पातळी पाण्याच्या सामूप्रमाणे (आम्लतेच्या मापाप्रमाणे, pH) आणि त्यात विरघळलेल्या कार्बोनेट व सल्फाइडप्रमाणेही बदलते. सेलेनियमला थोडे क्षपण पुरते, म्हणून ते कोरीच्या मागच्या, तांबूस वाळूकडील कडेला साचते. त्यानंतर व्हॅनेडियम आणि युरेनियम यांचा पट्टा येतो. मॉलिब्डेनमला सल्फाइड हवे असते, त्यामुळे ते सहसा पुढच्या करड्या वाळूत, कधी युरेनियमपासून बरेच दूर जाऊन थांबते. ऱ्हेनियम भूकवचात टनामागे सुमारे एक मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी असते. पण तेही ऑक्सिजनयुक्त पाण्यात विरघळते आणि क्षपण होताच अडकते, त्यामुळे अशा सीमेवर त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढू शकते.

स्कँडियम मात्र या शिस्तीत बसत नाही. त्याची संयुजा ऑक्सिजन असो वा नसो तीनच राहते, आणि सेरियमसारखे अपवाद सोडले तर दुर्मिळ मृदा धातूंचेही तेच. ते मृत्तिकेला चिकटून किंवा फॉस्फेट खनिजांत असू शकतात, पण ‘युरेनियम सापडले म्हणजे दुर्मिळ धातूंचे घबाड सापडले’ हा बातम्यांमधील सूर रसायनशास्त्राला धरून नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो पठारावरील साठे कोरीच्या नव्हे, तर सपाट थरांच्या आकाराचे आहेत आणि तेथे व्हॅनेडियम युरेनियमच्या कित्येक पट आहे. त्या साठ्यांना पुढे हवा-पाणी लागले की दोन्ही धातू ऑक्सिडीभूत होतात, परंतु विरघळून वाहून जाण्याऐवजी पोटॅशियमसह कार्नोटाइट हे पिवळेधमक, अविद्राव्य खनिज बनवतात. म्हणजे येथे व्हॅनेडियमच युरेनियमला धरून ठेवते. या खनिजाची खाणकामाची कहाणीही विलक्षण आहे. आधी ते रेडियमसाठी खणले गेले आणि १९२१ मध्ये अमेरिकेने मेरी क्युरी यांना दिलेले एक ग्रॅम रेडियम त्यातूनच मिळवलेले होते. नंतर पोलादासाठी व्हॅनेडियम काढले गेले, आणि दुसऱ्या महायुद्धात व्हॅनेडियम काढून उरलेल्या चोथ्यातून अणुबाँबच्या प्रकल्पासाठी युरेनियम मिळवण्यात आले.

त्याच पठारावर सेलेनियमने पूर्वेक्षकांना, म्हणजे खनिजांचा शोध घेणाऱ्यांना, वाट दाखवली. ॲस्ट्रागॅलस वंशातील काही शेंगवर्गीय वनस्पती सेलेनियमयुक्त जमिनीतच चांगल्या वाढतात. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हेलन कॅनन यांनी त्यांच्या आधारे युरेनियमचा माग काढण्याची पद्धत विकसित केली. आपल्याकडे तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारे पाणाडे स्वतःला अशाच परंपरेतले समजतील, पण वनस्पतीचे मूळ खरोखर जमिनीत पोहोचते आणि तिच्या पानातील सेलेनियम कोणालाही प्रयोगशाळेत मोजता येते. नारळाबाबत असे काहीच तपासता येत नाही.

हे सोबती धातू वेगळे काढणे परवडते का, हे पुन्हा त्या कोरीवरच ठरते. कझाकस्तानात खाण न खणता विहिरींतून सौम्य सल्फ्युरिक आम्ल थरात सोडतात आणि युरेनियम विरघळलेला द्राव वर खेचतात. विहिरी युरेनियमच्या पट्ट्यावर बेतलेल्या असल्याने कडेचे सेलेनियम आणि पुढचे मॉलिब्डेनम बरेचसे जागीच राहते. जे मॉलिब्डेनम येते ते द्रावातून युरेनियम पकडणाऱ्या रेझिनच्या (कृत्रिम राळेच्या) कणांमधील जागा अडवते. याउलट स्कँडियम आम्लात आयतेच उतरते, आणि रशियातील कुर्गान प्रांतात दालूर कंपनीने युरेनियम काढून घेतलेल्या द्रावातून ते मिळवूनही दाखवले आहे.