मोबाइलवर व्हिडिओ हव्या त्या वेळेपासून का सुरू होत नाही? थोडी पार्श्वभूमी

तासाभराच्या भाषणातला बाराव्या मिनिटाचा मुद्दा दाखवायचा, तर लिंकमध्येच वेळ घालून पाठवायची. यूट्यूबने ही सोय २००८ मध्ये दिली. तेव्हा वेबवरचे बहुतेक व्हिडिओ फ्लॅश या ब्राउझरला जोडायच्या अडोबीच्या प्लगइनमध्ये चालत आणि सुरुवात कुठून करायची ते साइटचा स्वतःचा प्लेअर ठरवी. ब्राउझरला त्यात फारसं काम नव्हतं.

आयफोनने फ्लॅश कधीच घेतला नाही. २०११ च्या नोव्हेंबरात अडोबीनेही मोबाइल फ्लॅशचं काम थांबवलं. उरला एचटीएमएल५ चा व्हिडिओ टॅग, म्हणजे ब्राउझरनेच व्हिडिओ चालवण्याची सोय, आणि इथून खरा गुंता सुरू झाला.

त्या काळी मोबाइल डेटा महाग होता. वापरणाऱ्याला एमबीमागे पैसे पडत असतील, या विचाराने ॲपलने आयफोनच्या आयओएसवरच्या सफारी ब्राउझरमध्ये प्रीलोड (आधीच उतरवून ठेवणं) आणि ऑटोप्ले (आपोआप सुरू होणं) दोन्ही बंद ठेवले. प्लेवर बोट पडेपर्यंत व्हिडिओचा एक बाइटही उतरवायचा नाही. निर्णय ग्राहकाच्या बाजूचा होता, पण डेव्हलपरची पंचाईत झाली. डेस्कटॉपवर पान उघडताच मेटाडेटा येतो, म्हणजे व्हिडिओची लांबी आणि कोणता सेकंद फाइलमध्ये कुठे आहे याचा तपशील. फोनवर तो नसतानाच पानावरची स्क्रिप्ट करंटटाइमला, म्हणजे व्हिडिओ कितव्या सेकंदावर आहे त्या नोंदीला, ७२० (बारा मिनिटं) देऊन मोकळी होई. एचटीएमएल५ च्या मूळ नियमानुसार अशा वेळी एरर यायची. पुढे नियम बदलला: मेटाडेटा नसेल तर ती वेळ लक्षात ठेवायची आणि तिथून सुरुवात करायची. फोन मात्र हा नियम एकसारखा पाळत नव्हते.

मग जुगाड रूढ झाला. प्ले दाबू द्यायचं, लोडेडमेटाडेटाची (मेटाडेटा आल्याची ब्राउझरने दिलेली सूचना, म्हणजे इव्हेंट) वाट पाहायची, तेवढ्याने भागलं नाही तर पहिल्या टाइमअपडेटला (व्हिडिओ पुढे सरकू लागल्याचा इव्हेंट) उडी मारायची. सुरुवातीची एखादी फ्रेम चमकून व्हिडिओ पुढे सरकतो, ते बऱ्याचदा यामुळेच.

पत्त्यातच वेळ लिहिण्याची पद्धत डब्ल्यू३सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये प्रमाण केली. पण ती पाळूनही अडतं, कारण दोष कित्येकदा सर्व्हरकडे किंवा फाइलमध्ये असतो. सफारी आधी फाइलचे पहिले दोनच बाइट मागून पाहते. सर्व्हरने २०६ (मागितलेला तुकडाच देतो) या उत्तराऐवजी २०० (सगळं देतो) असं उत्तर देऊन सगळी फाइल पुढे केली, तर सीकिंगचा, म्हणजे हव्या त्या वेळेवर उडी मारण्याचा, भरवसा नाही. एमपी४ मधला मूव्ह (moov) हा मेटाडेटा ठेवणारा भाग फाइलच्या शेवटी राहिला असेल, तर सुरुवातीलाच अडखळायला होतं. त्यावर एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या साधनाचा, तो भाग सुरुवातीला आणणारा फास्टस्टार्ट पर्याय आहे. माझ्या मते स्क्रिप्टला हात लावण्याआधी या दोन गोष्टी तपासाव्यात.

२०१६ मध्ये आयओएस १० ने आवाज बंद असलेल्या व्हिडिओला आपोआप आणि पानातच चालण्याची मुभा दिली. क्रोमनेही अँड्रॉइडवर त्याच वर्षी ऑटोप्ले सैल केला. तरी आयफोन लो पॉवर मोडवर असला की ऑटोप्ले आजही अडतो. सीकची आज्ञा ऑटोप्लेनंतरच्या इव्हेंटवर टांगली असेल, तर ती तिथेच लटकते.