डॉक्टरांवरील दावे आणि 'मार्गदर्शक तत्त्वे' या शब्दाचा गुंता

सोलापुरात उपचारादरम्यान रुग्ण दगावला, नातेवाइकांनी मृतदेह ताब्यात घ्यायला नकार दिला, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'मार्गदर्शक तत्त्वांनुसार चौकशी होईल' हे वाक्य हमखास येतं. नातेवाइकांना वाटतं, उपचार नियमाप्रमाणे झाले का ते आता तपासणार. प्रत्यक्षात ते वाक्य वेगळ्याच गोष्टीबद्दल असतं.

डॉक्टरवर दावा लावणं आपल्याकडे जुनं आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचा पाय मोडला. पुण्यात पुरेशी भूल न देता त्याचं हाड बसवलं गेलं आणि तो गेला. आईवडिलांचा दावा सर्वोच्च न्यायालयात १९६८ मध्ये संपला. भरपाई मिळाली ३,००० रुपये. पुढे १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले आणि २००७ मध्ये कामगार विमा योजनेच्या रुग्णालयातला रुग्णही ग्राहक ठरला. गिरण्या आणि यंत्रमागांच्या सोलापुरात २००७ चा निकाल १९९५ च्या निकालाइतकाच महत्त्वाचा होता. पगारातून वर्गणी कापली जात असताना उपचार फुकट कसे म्हणायचे, हा कामगारांचा साधा प्रश्न होता.

गुंता झाला तो ५ ऑगस्ट २००५ रोजी. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा कधी लावायचा, याचा निवाडा त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दिला. हयगयीने मृत्यू घडवण्याबद्दलच्या, भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात 'घोर' हा शब्द नव्हता. भरधाव ट्रक चालवणाऱ्याला आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला तेच कलम लागायचं. पोलिसांच्या फिर्यादीतला 'हयगय' हा शब्दही दोघांना सारखाच. न्यायालयाने सांगितलं की फौजदारी जबाबदारीसाठी हयगय घोर असली पाहिजे. अधिक चांगला दुसरा उपाय उपलब्ध होता, एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं, आणि सरसकट अटक करू नये. बातमीतली 'मार्गदर्शक तत्त्वे' ती हीच. पोलिसांनी कसं वागावं, एवढंच ती सांगतात. सरकारने वैद्यक परिषदेशी सल्लामसलत करून नियम करेपर्यंतची सोय म्हणून न्यायालयाने ती घालून दिली होती. आजही काम त्याच सोयीवर चाललं आहे.

डॉक्टरने कसं वागावं हे सांगणारी तत्त्वं वेगळी आहेत. छातीत दुखत असलेला माणूस आला तर आधी काय करायचं, कधी पुढे पाठवायचं, हे सांगणारे प्रमाणित उपचार तक्ते देशातल्या सर्वोच्च वैद्यक संशोधन संस्थेने २०१९ पासून काढले. एका आजाराला साधारण एक पान. पण हे तक्ते सल्ल्यापुरते आहेत, परिणामांपासून कायदेशीर संरक्षण देत नाहीत, असं त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं. म्हणजे तक्ता पाळला म्हणून डॉक्टर आपोआप सुटत नाही आणि मोडला म्हणून आपोआप अडकतही नाही. अमेरिकेतल्या मेन राज्याने १९९० मध्ये उलट वाट धरली. भूलशास्त्र, प्रसूती, तातडीचे उपचार आणि क्ष-किरण या चार शाखांत ठरलेली तत्त्वं पाळणाऱ्या डॉक्टरला न्यायालयात तोच बचाव म्हणून मांडायची मुभा तिथे कायद्याने दिली. आपल्याकडे असा प्रयोगसुद्धा झालेला नाही. ही उणीव भरपाईच्या आकड्यांपेक्षा मोठी आहे, असं मला वाटतं.

कारण मग सगळा भार त्या 'स्वतंत्र मता'वर येतो. सोलापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे आणि शहरातले कितीतरी डॉक्टर तिथेच शिकले आहेत. मत देणारा आणि ज्याच्याबद्दल मत द्यायचं तो, यांच्यात गुरुशिष्याचं किंवा वर्गमित्राचं नातं निघणं इथे अवघड नाही. मत प्रामाणिक असलं तरी इंडीहून किंवा अक्कलकोटहून आलेल्या कुटुंबाला ते पटवायचं कशाच्या आधारे? समोर ठेवायला बंधनकारक कागद नाही.

१ जुलै २०२४ पासून ३०४-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू झालं. डॉक्टरांना सूट मिळाली, असा बोलबाला डिसेंबर २०२३ मध्ये संसदेतल्या चर्चेनंतर झाला होता. कलम वाचलं की चित्र बदलतं. इतरांना पाच वर्षांपर्यंत कैद, डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत, म्हणजे पूर्वीइतकीच. पूर्वी मात्र कैद 'किंवा' दंड असा पर्याय होता. आता कैद 'आणि' दंड आहे. शिवाय ही दोन वर्षांची मर्यादा राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याखाली नोंद असलेल्यांपुरती आहे. तालुक्यांत रात्री-अपरात्री दवाखाना उघडणारे आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर त्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांना पाच वर्षांचीच तरतूद लागते.

अर्ज केल्यापासून ७२ तासांत केसपेपर देण्याचा नियम २००२ पासून आहे. त्यात सलाइन किती वाजता लावलं हे सापडतं. कोणता तक्ता समोर ठेवून लावलं, ते लिहिण्याचं बंधन कोणावरच नाही.